खरपुडीची दोनशे रोपे, पण आईबाप किती?

यंदा पावसाळ्यात गडकोटांवरच्या खरपुडीबद्दल, म्हणजे सेरोपेजिया किंवा कंदीलपुष्पाबद्दल, बरीच पत्रे आली. सह्याद्रीत या वनस्पतीच्या अनेक जाती प्रदेशनिष्ठ आहेत. त्यांतल्या काही तर मोजक्या डोंगरमाथ्यांवर आणि कड्यांच्या धारेवरच उरल्या आहेत. हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लावी आणि अंजनेरीवरची सेरोपेजिया अंजनेरिका ही त्यातली परिचित नावे. बहुतेक पत्रांचा रोख एकच होता : तुटक, एकाकी वस्त्यांमध्ये या वनस्पतीची जनुकीय विविधता टिकते का, आणि टिकवायची तर नेमके काय करायचे? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका गडाच्या माथ्यावर दर श्रावणात खरपुडीची सुमारे दोनशे रोपे दिसतात. वर्षानुवर्षे संख्या साधारण तेवढीच आहे, रोपे टवटवीत आहेत. तरीही जाणकार ही वस्ती धोक्यात असल्याचे सांगतात. ते का? (एक गिर्यारोहक, जुन्नर)

दोनशे हा आकडा डोळ्यांना दिसणाऱ्या रोपांचा आहे. पुढच्या पिढीला जन्म देणारी त्यातली किती, हा प्रश्न वेगळा आणि जास्त महत्त्वाचा. खरपुडीचे फूल म्हणजे लहान माश्यांसाठी लावलेला सापळा असतो. नळीच्या आतल्या बाजूला खाली झुकलेले केस असतात. माशी आत घसरते आणि केस मऊ पडेपर्यंत तिला बाहेर येता येत नाही. या काळात तिच्या अंगाला परागपुंज, म्हणजे एकत्र चिकटलेल्या परागांचा गठ्ठा, चिकटला, आणि नंतर ती दुसऱ्या फुलात अडकून तो पुंज तिथल्या खाचेत नेमका बसला, तरच शेंग धरते. त्यामुळे फुलांच्या मानाने शेंगा फारच कमी असतात. दोनशेपैकी समजा साठ रोपे फुलली आणि पंधरांवर शेंगा धरल्या, तर पुढची पिढी त्या पंधरा माता आणि मोजक्याच पित्यांची. अनुवंशशास्त्रात याला प्रभावी संख्या म्हणतात. ती प्रत्यक्ष मोजणीपेक्षा जवळजवळ नेहमीच लहान असते.

प्रत्येक रोपात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात आणि वस्तीत एकेका जनुकाची अनेक रूपे नांदत असतात. पुढच्या पिढीत कोणती रूपे जातील हे बऱ्याच अंशी योगायोगावर ठरते. मोठ्या वस्तीत योगायोग एकमेकांना भरून काढतात. लहान वस्तीत ते साचत जातात आणि रूपे एकेक करून कायमची गळतात. हेच जनुकीय विचलन. त्याचे गणित साधे आहे : दर पिढीला विविधतेचा जो वाटा हरवतो तो म्हणजे एक भागिले प्रभावी संख्येची दुप्पट. प्रभावी संख्या 10 असेल तर दर पिढीला 5 टक्के घट होते आणि दहा पिढ्यांत सुमारे 40 टक्के विविधता संपते. ती 20 असेल तर दहा पिढ्यांत सुमारे 22 टक्के जाते, आणि 100 असेल तर 5 टक्क्यांच्या आसपास. इथे विविधता म्हणजे जोडीतल्या दोन प्रती वेगळ्या असण्याची शक्यता, अर्थात विषमयुग्मकता. विरळ रूपे त्याहूनही लवकर नाहीशी होतात. नवा रोग किंवा नवे हवामान आले तर कदाचित त्यांचीच गरज पडली असती.

एखादे वाईट वर्ष किती महागात पडते, तेही पाहा. तेरड्यासारख्या वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात आयुष्य संपवणाऱ्या, वनस्पतीची चार वर्षे शंभर-शंभर रोपे होती आणि पाचव्या वर्षी वणव्याने पाचच उरली, तर पाच वर्षांची सरासरी 81 भरते. प्रभावी संख्या मात्र जेमतेम 21. साध्या सरासरीऐवजी इथे हरात्मक मध्य लागू पडतो आणि त्यावर सर्वात लहान आकड्याची पकड असते. खरपुडीला कंद असल्यामुळे हा मार काहीसा सौम्य होतो. जमिनीखालचे जुने कंद वाईट वर्ष झोपेत काढतात. पण त्याच कारणाने फसगतही होते. एक पिढी म्हणजे एक वर्ष नव्हे. नवी रोपे येणे थांबले असले तरी म्हातारे कंद वर्षानुवर्षे फुटत राहतात आणि माथा भरलेला दिसतो. 'संख्या तेवढीच आहे' हे वाचून आम्हाला म्हणूनच हायसे वाटत नाही. कोवळी, एक-दोन पानांची रोपे दिसतात का, हे आधी पाहा.

प्रभावी संख्या किती असावी यावर 1980 साली अनुवंशशास्त्रज्ञ इयन फ्रँकलिन यांनी ठोकताळा दिला होता : जवळच्या काळातले अंतःप्रजननाचे, म्हणजे नात्यातल्या रोपांच्या आपसांतल्या संकराचे, नुकसान टाळायला 50, दूरच्या काळात उत्क्रांतीची क्षमता राखायला 500. पुढे 2014 मध्ये हे आकडे दुप्पट, म्हणजे 100 आणि 1000 करावेत असे सुचवले गेले. एका गडावरच्या वस्तीने 1000 गाठणे अवघड आहे. म्हणून अनेक गडांवरच्या वस्त्यांचा विचार एकत्र करावा लागतो.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सेरोपेजियाच्या तीन वस्त्यांचा डीएनए काढायचा आहे. पाने चिकट आहेत, पहिल्या प्रयत्नात नळीत जेलीसारखा गोळा आला आणि पीसीआर चाललाच नाही. नमुने किती घ्यावेत आणि डीएनए स्वच्छ कसा काढावा? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आधी परवानगी. वनखात्याची लेखी परवानगी आणि जैवविविधता कायद्यानुसार लागणारी पूर्तता झाल्याशिवाय एकही पान तोडू नका.

नमुन्यांच्या संख्येमागे हिशोब आहे. वस्तीत 5 टक्के प्रमाणात असलेले जनुकरूप 95 टक्के खात्रीने हाती यायला 59 जनुकप्रती तपासाव्या लागतात. दर रोपात दोन प्रती धरल्या तर 30 रोपे झाली. हे परपरागण होणाऱ्या वस्तीसाठी खरे आहे. स्वपरागण जास्त असेल तर दोन्ही प्रती बऱ्याचदा सारख्याच निघतात आणि मग 60 रोपांकडे जावे लागते. वस्तीत तीसच रोपे असतील तर सगळी घ्या. एकाच ठिकाणची घेऊ नका. बी आईपाशीच पडून उगवलेली भावंडे शेजारी-शेजारी असतात. शक्य तिथे दोन नमुन्यांत काही मीटर अंतर ठेवा आणि वस्तीची कडेची टोकेही गाठा.

रोपामागे एका पानाचा तुकडा पुरतो, खुडणी नको. तुकडा बारीक कापून कागदी चहापिशवीत घाला आणि ती पिशवी पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेल असलेल्या बंद डबीत ठेवा. पान एका दिवसात कुरकुरीत वाळले पाहिजे. पावसाळ्यात डबी पुन्हापुन्हा उघडली की जेल वाटेतच ओलावते. निळे जेल गुलाबी झाले तर त्याच दिवशी बदला. वाळायला तीन दिवस लागलेल्या पानातला डीएनए तुकडे पडलेला निघतो आणि त्यावर पुढे कितीही मेहनत घेतली तरी उपयोग होत नाही.

तुमच्या नळीतला गोळा म्हणजे पानातली बहुशर्करा. ती डीएनएबरोबर अल्कोहोलात खाली बसते आणि पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेच्या, विकराला रोखते. उपाय सुरुवातीलाच करायचा. 20 ते 30 मिलिग्रॅम वाळलेले पान कोरडेच, अगदी पिठासारखे दळा. त्यात 1 मिलिलिटर सॉर्बिटॉलचे द्रावण घाला : 0.35 मोलर सॉर्बिटॉल, 100 मिलिमोलर ट्रिस (पीएच 8), 5 मिलिमोलर ईडीटीए, 1 टक्का पीव्हीपी, आणि ऐनवेळी 1 टक्का बीटा-मरकॅप्टोइथेनॉल. हलवा, 5 मिनिटे सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे चिकट पाणी ओतून द्या. या टप्प्यावर डीएनए तळाच्या चोथ्यातल्या पेशींमध्येच असतो. नवखे विद्यार्थी सवयीने वरचे पाणी ठेवतात आणि चोथा टाकतात, ते जपा. पाणी पातळ होईपर्यंत दोन-तीन वेळा धुवा.

मग चोथ्यावर 65 अंशांना तापवलेले 700 मायक्रोलिटर सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) द्रावण घाला : 2 टक्के सीटॅब, 100 मिलिमोलर ट्रिस, 20 मिलिमोलर ईडीटीए, 2 टक्के पीव्हीपी. मीठ नेहमीच्या 1.4 मोलरऐवजी 2 ते 2.5 मोलर ठेवा. जादा मिठामुळे बहुशर्करा अल्कोहोलात कमी बसते. 65 अंशांवर 45 मिनिटे, दर दहा मिनिटांनी नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करा. थंड झाल्यावर तेवढेच क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल (24 ला 1) घालून 10 मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. सेंट्रिफ्यूज इथे थंड करू नका, कारण गारठ्यात सीटॅब स्वतःच खाली बसते. वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या साक्याच्या वर अर्धा सेंटिमीटर थांबा. शेवटचे 50 मायक्रोलिटर मिळवण्याचा लोभ सगळे काम नासवतो. क्लोरोफॉर्मची पायरी दुसऱ्यांदा करा.

यानंतर आरएनए नष्ट करणारे आरएनेज हे विकर, मग दोन-तृतीयांश आकारमानाचे गार आयसोप्रोपॅनॉल आणि अर्धा तास थंडी. रात्रभर ठेवल्याने डीएनए फारसा वाढत नाही, मीठ आणि शर्करा मात्र खाली येतात. 70 टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. गोळी इतकी सुकवू नका की तडकेल, नाहीतर ती विरघळत नाही. 50 मायक्रोलिटर पातळ टीई पुरे.

तपासताना 260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचे, म्हणजे 260 भागिले 280 हे गुणोत्तर 1.8 च्या आसपास हवे. पण खरपुडीत जास्त बोलके गुणोत्तर 260 भागिले 230 हे आहे. ते 1.5 च्या खाली असेल तर शर्करा किंवा मीठ उरले आहे. मग एक दहांश पातळ करून पीसीआर लावा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होते. तरीही अडले तर मिश्रणात थोडे बीएसए हे प्रथिन घाला. 0.8 टक्के अॅगरोजवर पट्टी ठळक आणि वर दिसली पाहिजे. खालपर्यंत धुरकट ओघळ असेल तर पान नीट वाळले नव्हते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात आयएसएसआरची सोय आहे, मायक्रोसॅटेलाइटची नाही. आयएसएसआरने काढलेले निष्कर्ष ग्राह्य धरावेत का? आणि एफएसटीचा आकडा कसा वाचायचा? (प्राध्यापक, संगमनेर)

आयएसएसआर, म्हणजे डीएनएतल्या पुनरावृत्त क्रमांमधले तुकडे जेलवर पट्ट्यांच्या रूपात पाहण्याची पद्धत, स्वस्त आहे, आधीची माहिती नसलेल्या जातीवरही चालते, आणि 'वस्त्या एकमेकींपासून किती वेगळ्या' याचा अंदाज देते. त्याची मर्यादा मात्र मूलभूत आहे. पट्टी दिसली म्हणजे एक प्रत आहे की दोन, हे कळत नाही. त्यामुळे अंतःप्रजनन थेट मोजता येत नाही आणि लहान वस्तीत नेमके तेच जाणून घ्यायचे असते. शिवाय डीएनए खराब असला की पट्टी गायब होते आणि ती गैरहजेरी 'विविधता' म्हणून मोजली जाते. यासाठी किमान 10 टक्के नमुने पानापासून सुरुवात करून दुसऱ्यांदा चालवा. ज्या प्रायमरच्या (पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याच्या) पट्ट्या 5 टक्क्यांहून जास्त ठिकाणी जुळत नाहीत, तो सरळ वगळा. धूसर पट्ट्या मोजायच्या की नाही याचा नियम जेल पाहण्याआधी ठरवा.

अंतःप्रजनन मोजायचे असेल तर 10 ते 15 मायक्रोसॅटेलाइट स्थाने, म्हणजे डीएनएत छोटा क्रम पुन्हापुन्हा येणाऱ्या जागा, किंवा डीएनए तुकड्यांचे वाचन करणारी रॅड पद्धत हवी. जवळच्या विद्यापीठाशी सहकार्य करून नमुने पाठवावेत, अर्धवट साधनांनी मोठे निष्कर्ष काढू नयेत. मायक्रोसॅटेलाइटमध्येही एक खड्डा आहे. प्रायमर जिथे चिकटतो तिथेच बदल झाला असेल तर एक प्रत दिसत नाही आणि अंतःप्रजनन नसताना ते असल्याचा भास होतो. सगळी स्थाने एकाच दिशेने बोलत असतील तर विश्वास ठेवा. एकच स्थान टोकाचे बोलत असेल तर त्याच्यावर संशय घ्या.

एफएसटी हा वस्त्यांमधला जनुकीय फरक सांगणारा आकडा. तो शून्य म्हणजे वस्त्या जनुकीयदृष्ट्या एकसारख्या, एक म्हणजे पूर्ण वेगळ्या. अनुवंशशास्त्रज्ञ सेवॉल राइट यांच्या ढोबळ वर्गवारीत 0.05 पर्यंत फरक किरकोळ, 0.15 पर्यंत मध्यम, 0.25 पर्यंत मोठा आणि त्यापुढे फार मोठा. 0.20 वरून गणित मांडले तर पिढीमागे एका स्थलांतरित रोपाएवढी देवाणघेवाण असा अर्थ निघतो. प्रबंधांत हे वाक्य सर्रास दिसते आणि आम्हाला ते खटकते. हे गणित सारख्या आकाराच्या, दीर्घकाळ स्थिर असलेल्या वस्त्यांसाठी आहे. गडमाथे तसे नाहीत. दोन डोंगरांमधली गवताळ सोंड गेल्या पन्नास वर्षांत नांगराखाली गेली असेल, तर कंदवर्गीय वनस्पतीत त्याचा ठसा एफएसटीवर अजून उमटलेलाही नसतो. उलट, आकडा मोठा आला म्हणजे त्या वस्त्या आपापल्या जागेशी विशेष जुळवून घेतलेल्या आहेत, असेही नव्हे. लहान वस्तीत निव्वळ विचलनानेही एफएसटी फुगतो. म्हणून प्रत्येक वस्तीची आतली विविधता त्याच्या शेजारी मांडल्याशिवाय एफएसटी छापू नये.

प्रश्न : गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने खरपुडीची रोपवाटिका करायचे ठरवले आहे. मागच्या वर्षी दोन रोपांवर भरपूर शेंगा मिळाल्या, त्यातून शंभरावर रोपे झाली. ती शेजारच्या डोंगरावर लावायची आहेत. काय काळजी घ्यावी? (समितीचे सदस्य, त्र्यंबकेश्वर परिसर)

रोपे जगवलीत, त्यातला कष्टाचा भाग पार पडला. पण ही शंभर रोपे एवढीच घेऊन नवी वस्ती उभी करू नका.

कारण फुलाच्या रचनेतच आहे. इतर बऱ्याच फुलांवर अनेक झाडांचे सुटे पराग येतात आणि एका फळात अनेक पित्यांची बीजे असतात. खरपुडी ज्या रुईच्या कुळातली आहे, तिथे पराग सुटे नसून पुंजाने जातात. एका पुंजातले सगळे पराग एकाच रोपाचे. म्हणून एका शेंगेतली सगळी बीजे बहुधा सख्खी भावंडे असतात. दोन रोपांच्या थोड्या शेंगांतून आलेली शंभर रोपे म्हणजे मोजकीच कुटुंबे. सख्ख्या भावंडांचा आपसांत संकर झाला की त्यांच्या संततीचा अंतःप्रजनन गुणांक 0.25 होतो. तो वाढला की बी कमी धरते, उगवण घटते, रोपे रोगट होतात. हे पहिल्या वर्षी दिसत नाही. पहिली लावलेली रोपे धडधाकटच असतात, फटका त्यांच्या मुला-नातवंडांना बसतो. तोवर आपण काम फत्ते झाल्याचे लिहून मोकळे झालेलो असतो.

हवाईतल्या मौना केआ पर्वतावरच्या सिल्व्हरस्वोर्ड या वनस्पतीचे असेच झाले. 1970 च्या दशकापासून तिथे शेकडो रोपे लावली गेली आणि ती जगलीही, पण त्यांच्या मूळ माता अवघ्या दोन-तीन होत्या. पुढे कड्यांवर उरलेल्या रानटी रोपांचे पराग हाताने आणून संकर करावे लागले, तेव्हा कुठे नव्या पिढीत इतर वंशांची भर पडू लागली.

तुम्ही पुढे असे करा. येत्या हंगामात मूळ वस्तीतल्या शक्य तितक्या वेगवेगळ्या मातांवरून थोडे-थोडे बी घ्या, ध्येय 30 मातांचे ठेवा. एका मातेवरच्या एकाच शेंगेतले मूठभर घेण्यापेक्षा तीन शेंगांतली चार-चार बीजे घेणे केव्हाही चांगले. त्या वर्षी वस्तीत धरलेल्या एकूण बियांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त उचलू नका, आणि दरवर्षी नको, एक वर्षाआड. शेंग उकलली की केसाळ बी वाऱ्यावर निघून जाते, म्हणून पिवळसर होऊ लागताच तिला मलमलीची छोटी पिशवी बांधा. पिशवी सैल हवी. घट्ट पिशवीत पावसाचे पाणी साचून शेंग कुजते.

बी एकत्र करू नका. प्रत्येक मातेचे पाकीट वेगळे, त्यावर वस्ती, मातेचा क्रमांक, शेंगेचा क्रमांक आणि तारीख पेन्सिलीने लिहा, शाई पावसात पुसते. पेरतानाही ओळी वेगळ्या ठेवा. सर्वात आधी उगवलेली आणि जोमदार दिसणारी तेवढीच रोपे ठेवायची सवय रोपवाटिकेत असते. इथे ती मोडा. उशिरा उगवणारे बी हाही वस्तीच्या विविधतेचा भाग आहे, एखाद्या वर्षी मृगाचा पाऊस येऊन मग महिनाभर दडी मारली तर तेच तगते. शेवटी प्रत्येक मातेची सारखी संख्या लावा : तीस मातांची पाच-पाच, अशी दीडशे. एका मातेची साठ आणि दुसऱ्यांची दोन-दोन लावली तर प्रभावी संख्या झपाट्याने कोसळते.

कुंडीत मुरूम, जाड वाळू आणि जागेवरची थोडी माती, पाणी तळाशी क्षणभरही साचता कामा नये. पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू बंद करा. हिवाळ्यात दयेपोटी घातलेले पाणी हेच रोपवाटिकेत कंद कुजण्याचे पहिले कारण आहे. कंद सुपारीएवढे झाले की पावसाच्या सुरुवातीला बाहेर लावा. साळिंदर आणि उंदीर ते उकरून खातात, म्हणून जाळी जमिनीखाली वीतभर गाडावी लागते. रोपे दूरदूर एकेकटी लावू नका. माशी एका फुलातून सुटून दुसऱ्यात अडकली पाहिजे. आठ-दहा रोपांचे पुंजके करा आणि एका पुंजक्यात एका मातेची दोन रोपे येऊ देऊ नका. हातातली शंभर रोपे वाया जाणार नाहीत. त्यातली कुटुंबामागे पाच-सहा या मांडणीत घ्या आणि उरलेली शाळा-महाविद्यालयांत दाखवण्यासाठी ठेवा.

ऊतिसंवर्धनाने रोपे वाढवण्याबद्दलही समितीने विचारले आहे. एका खोडाच्या गाठीपासून हजारो रोपे होतात हे खरे, पण ती सगळी मिळून एकच वंश. तीस वेगवेगळ्या मातांच्या रोपांपासून सुरुवात केली तरच त्याला संवर्धनात अर्थ आहे.

प्रश्न : दोन गडांवरची रोपे एकमेकांत मिसळणे योग्य की अयोग्य? काही जण म्हणतात, त्यामुळे प्रत्येक गडाची खासियत बुडेल. (निसर्गमंडळाचे कार्यकर्ते, सातारा)

मिसळण्याची भीती आणि न मिसळण्याची किंमत, दोन्ही तराजूत घातली पाहिजेत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लेकसाइड डेझीची शेवटची वस्ती उरली होती. रोपे फुलत होती, पण 15 वर्षे बी धरले नाही. ही वनस्पती स्वतःचे किंवा आपल्याच प्रकारच्या रोपाचे पराग स्वीकारत नाही आणि उरलेली सगळी रोपे एकाच प्रकारची होती. ओहायोतल्या रोपांशी संकर केल्यावर बी धरले. तिथे 'शुद्धता' जपत बसणे म्हणजे वस्ती संपू देणे होते.

उलट बाजूने, फार वेगळ्या वस्त्यांच्या संकरातून दुबळी संतती येऊ शकते, बऱ्याचदा दुसऱ्या पिढीत. 2011 मध्ये रिचर्ड फ्रँकहॅम आणि सहकाऱ्यांनी यासाठी चार प्रश्न मांडले. जात निर्विवादपणे एकच आहे ना? गुणसूत्रांत स्थिर फरक नाहीत ना? गेल्या 500 वर्षांत त्यांच्यात देवाणघेवाण होती ना? आणि दोन्हीकडचे पर्यावरण सारखे आहे ना? चारही उत्तरे 'हो' असतील तर धोका कमी. खरपुडीत पहिलाच प्रश्न अवघड आहे, कारण जवळच्या जाती पानांवरून फसवतात आणि फुलांवरूनच खात्रीने ओळखता येतात. म्हणून बिनफुलाचे कंद एका गडावरून दुसऱ्यावर कधीही नेऊ नका. तुमच्याकडच्या दोन्ही वस्त्या घाटमाथ्याच्या सारख्या उंचीवर, सारख्याच कातळावर आणि एकाच डोंगररांगेत असतील तर आमचा कौल मिसळण्याच्या बाजूने आहे, पण थेट गडावर नव्हे. आधी रोपवाटिकेत हाताने संकर करा : भिंगाखाली नळीला उभा छेद देऊन बारीक चिमट्याने परागपुंज काढा आणि त्याची पारदर्शक कड आतल्या बाजूस येईल असा दुसऱ्या फुलाच्या खाचेत सरकवा. कड उलटी बसली तर परागनलिका आत जात नाहीत आणि आपण 'संकर जमत नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढतो. वीस फुलांवर त्याच रोपाचे, वीसवर त्याच गडाचे, वीसवर दुसऱ्या गडाचे पराग, अशी तुलना करा. शेंगा, बी आणि दोन पिढ्यांची उगवण पाहून मगच एका बाजूच्या, बाहेरच्या पुंजक्यात लावा. मूळ गाभ्याला हात लावू नका.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या वॉलेमी पाइनमध्ये जनुकीय विविधता जवळजवळ नाहीच, तरी ते झाड जगले. मग एवढी चिंता कशाला? (वाचक, ठाणे)

1994 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या एका अरुंद घळीत सापडलेली ही झाडे शंभराहूनही कमी आहेत आणि त्यांच्यात फरक शोधणे खरोखरच अवघड जाते. कमी विविधतेने वनस्पती लगेच मरत नाही, हे तुम्ही म्हणता ते बरोबर. परिस्थिती बदलेपर्यंत ती जगते. 2005 मध्ये त्या घळीत मुळे कुजवणारी फायटोफ्थोरा ही बुरशीसदृश कीड बुटांच्या मातीतून पोहोचल्याचा संशय आहे. जिथे सगळी झाडे सारखी, तिथे एका झाडाला लागलेला रोग दुसऱ्याला सोडेल याची आशा ठेवता येत नाही. म्हणूनच ती जागा गुप्त ठेवली आहे. आणि जगलेले एक उदाहरण आपल्यासमोर आहे. त्याच वाटेने गेलेल्या आणि संपलेल्या जातींची उदाहरणे आपल्याला दिसतच नाहीत.

प्रश्न : गडावरून आणलेला एक कंद घरी कुंडीत छान फुलला आहे. तो परत नेऊन लावला तर वस्तीला मदत होईल का? (वाचक, पुणे)

नेऊ नका. कुंडीतल्या मातीतले सूत्रकृमी आणि बुरशी त्याच्यासोबत जातील. शिवाय नेमका कोणत्या गडाचा, कोणत्या घळीचा, हे खात्रीने सांगता आले नाही तर तो चुकीच्या वस्तीत जाईल. जवळच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवून सोपवा. पुढे कंद आणू नये, ही कळकळीची विनंती आहे. तीस फुलणाऱ्या रोपांच्या वस्तीतून एक कंद काढला तर तिथल्या जनुकप्रतींचा तिसावा भाग गेला, आणि एखादे विरळ रूप फक्त त्याच कंदात असू शकते.

प्रश्न : आम्ही प्रयोगशाळेतले नाही, दर पावसाळ्यात गडावर जाणारे आहोत. आमच्या नोंदींचा काही उपयोग होईल का? (गिरिभ्रमण संस्था, नाशिक)

खूप होईल. फुलांचे फोटो सगळेच काढतात, शेंगा मोजणारे मात्र मिळत नाहीत. प्रभावी संख्येचा अंदाज शेंगांवरूनच येतो. दरवर्षी साधारण त्याच आठवड्यात दोन फेऱ्या करा, एक फुलांच्या भरात आणि दुसरी शेंगा धरल्यावर. दहा मीटर बाय दहा मीटरचे तीन-चार चौकोन ठरवा, कोपऱ्यावर कातळात न खुपणाऱ्या खुणा करा. चार रकाने पुरतात : एक-दोन पानांची रोपे, न फुललेली मोठी रोपे, फुललेली, शेंगा धरलेली. शेंगा असलेल्या प्रत्येक रोपावर किती शेंगा तेही लिहा, कारण एकाच रोपावर वीस आणि दहा रोपांवर दोन-दोन यांची बेरीज सारखी असली तरी वंशाच्या दृष्टीने दोन्हींत फार अंतर आहे. गवत कधी जळाले, गुरे कधी सोडली, कुठे उकरल्याच्या खुणा आहेत, ही नोंद शेजारी ठेवा. फोटो समाजमाध्यमांवर टाकताना गडाचे नाव आणि फोनने जोडलेले ठिकाण काढून टाका, नेमकी जागा फक्त वनखात्याला आणि अभ्यासकांना द्या. चौकोनात पाय ठेवण्याआधी खाली पाहा : एक पान फुटलेले खरपुडीचे पिल्लू गवताच्या पात्यापेक्षा फारसे मोठे नसते.